संगणक कक्षांचे अर्थिंग व इतर मागण्यांबाबत निवेदन

प्रति,
मा. कार्यवाह साहेब,
शिक्षणसंस्था, जि. रत्नागिरी

दिनांक : जानेवारी 2026

विषय : बारावीच्या ऑनलाइन परीक्षेपूर्वी संगणक कक्षांचे अर्थिंग करून मिळणे व इतर मागण्या.

संदर्भ : 1) आमचे यापूर्वीचे सर्व अर्ज (आवक शिक्का असलेल्या प्रती सोबत जोडल्या आहेत). 2) आपण वेळोवेळी दिलेली तोंडी आश्वासने.

महोदय,

संस्थेच्या शाळांतील संगणक कक्ष सांभाळणारे आम्ही खाली सही करणारे कर्मचारी हे निवेदन सादर करीत आहोत. विषय आपल्याला नवा नाही. पहिल्या अर्जाच्या वेळी आपण "शिमग्यानंतर बघू" म्हणालात. शिमगा झाला, पालख्या देवळात गेल्या, तेव्हा काम मे महिन्याच्या सुट्टीत उरकायचे ठरले. सुट्टीत वायरमन आला नाही, रंगारी आला. लॅबच्या भिंतींना सुरेख फिकट निळा रंग लागला आणि सॉकेटांवरसुद्धा तो लागला. पुढे गणपतीपर्यंत आणि गणपतीनंतर दिवाळीपर्यंत असे वायदे होत राहिले. आता परीक्षा तोंडावर आली आहे, म्हणून पुन्हा लेखी देत आहोत. नियम आपल्याला पाठ आहेत, ते येथे लिहून आपला वेळ घेत नाही.

मुख्य तक्रार एकच आहे. आपल्या लॅबना अर्थिंग नाही.

"आहे की, तीन पिनांचे सॉकेट आहेत," असे मागच्या बैठकीत सांगण्यात आले. सॉकेट तीन पिनांचे आहेत हे खरे. मे 2021 च्या तौक्ते वादळात कौले उडाली, पाणी भिंतीतून थेट बोर्डात उतरले आणि त्यानंतर ठेकेदाराकडून सगळे वायरिंग नव्याने करून घेतले गेले. त्याच वायरिंगचा एक बोर्ड आम्ही मुख्याध्यापकांसमोर उघडून दाखवला होता. आत लाल आणि काळी अशा दोनच वायरी आहेत. वरच्या मोठ्या भोकामागच्या पितळी स्क्रूला काहीही जोडलेले नाही. हिरवी वायर मेन बोर्डापासून निघते आणि लॅबच्या दारावर गुंडाळून टेप मारून ठेवलेली आहे. दुसऱ्या एका शाळेत ती सॉकेटपर्यंत पोहोचली आहे, पण तिथला अर्थचा खड्डाच ध्वजस्तंभाभोवती पेव्हर ब्लॉक बसवताना खाली गेला. त्यातल्या लोखंडी पाइपाचे खाऱ्या हवेने काय झाले असेल ते आपण समुद्राकाठी राहणारे असल्याने सांगायला नको.

याचा परिणाम काय होतो ते आता सविस्तर लिहितो, कारण तोंडी सांगितलेले हवेत जाते. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे फिल्टर असते. त्यातून थोडासा प्रवाह कायम सीपीयूच्या पत्र्याच्या डब्याकडे येतो आणि अर्थच्या वायरीतून जमिनीत जातो. मशीन नवे असो वा जुने, त्याची रचनाच तशी असते. वायर नसेल तर तो डब्यावरच थांबतो. मल्टिमीटर लावला तर फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्ट दिसतात आणि डबा ते न्यूट्रल 100 च्या वर. टेस्टर डब्याला टेकवला की पेटतो. हे आपल्या प्रतिनिधींनी स्वतः पाहिले आहे, तेव्हा त्यांनी "टेस्टर खराब असेल" असे मत दिले होते. दुसरा टेस्टर आणला, तोही पेटला.

एका मशीनचा हा प्रवाह अगदी किरकोळ असतो, हाताला मुंग्या येतात इतकाच. पण लॅबमध्ये दहा मशीन एकाच रांगेत एक्स्टेन्शन बोर्डांवर आहेत. बोर्डांच्या अर्थच्या पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या आणि पुढे जमिनीला कुठेच नाहीत. त्यामुळे दहाही मशीनची गळती एकत्र होते आणि जो कोणी पहिला हात लावील त्याच्यातून जमिनीत जाते. हात लावणारे मूल असते, आणि ते अनवाणी असते. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायचा नियम शाळेचाच आहे. जुलैमध्ये मुले भिजून येतात, पावलांचे ओले ठसे शहाबादी फरशीवर उमटलेले असतात आणि त्यावर उभे राहून पेन ड्राइव्ह लावायला ती डब्याला हात घालतात. गेल्या पावसाळ्यात नववीतल्या एका मुलीने असाच हात लावला आणि किंचाळून मागे झाली. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांना "मुंग्या आल्या" असे सांगण्यात आले. मुंग्या आल्या म्हणून लॅब बंद ठेवायची का, असे नंतरच्या सभेत विचारले गेले, आणि उपस्थितांपैकी काही जण हसले. इतिवृत्तात ते नसेल.

त्यानंतर आम्ही मुलांना चपला घालूनच आत घ्यायला लागलो. लाल चिखल आत आला, तेव्हा स्वच्छतेबाबतचे पत्र आम्हाला तीन दिवसांत मिळाले. शाळेत पत्रे इतक्या लवकर निघू शकतात हे त्या निमित्ताने कळले.

कातळावर अर्थिंग लागत नाही, असे एक कारण दिले जाते. ते अर्धे खरे आहे. आपली शाळा सड्यावर आहे. जांभा सच्छिद्र, पावसात पाणी पितो आणि मार्चपर्यंत कोरडा ठणठणीत होतो, त्यामुळे मीठ-कोळशाचा साधा खड्डा उन्हाळ्यात काम देत नाही. पण म्हणून अर्थिंगच करायचे नाही, असा याचा अर्थ होत नाही. बोअर मारून खोल इलेक्ट्रोड टाकायचा, भोवती ओलावा धरून ठेवणारी बेंटोनाइटसारखी भुकटी भरायची, वर झाकणाचा चेंबर ठेवायचा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी सोडायचे. याच सड्यावरच्या मोबाइल टॉवरना अर्थिंग आहे. वायरमनने दिलेला अंदाज एका नव्या मशीनच्या किमतीपेक्षा कमी आहे आणि तो आपल्या कार्यालयात जमा आहे. दुसऱ्यांदाही जमा केला, कारण पहिला सापडत नव्हता.

मशीनचे नुकसान वेगळेच. मुंबईकर माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून नवी मशीन दिली, नारळ फुटला, फोटो वर्तमानपत्रात आला. परतीच्या पावसात कार्यालयापासून लॅबपर्यंत कौलांवरून ओढलेल्या लॅन केबलमधून विजेचा झटका आला. नेटवर्क स्विच गेला, सर्व्हर म्हणून ठेवलेल्या मशीनचा लॅन पोर्ट गेला, दोन मदरबोर्ड गेले. स्पाइक गार्ड होते, पण अर्थ नसेल तर त्यांचा निम्मा उपयोग नाहीसा होतो. मंडळी गणपतीला, मेच्या सुट्टीत गावी आली की लॅब बघायला येतात. त्यांना झाकण घातलेली मशीन दाखवून आम्ही बंद आहेत म्हणतो, का बंद आहेत ते सांगत नाही. यापुढे सांगू.

कक्ष सहाय्यक दिवसभर काय करतो, असा प्रश्न मानधनाच्या वेळी निघतो, म्हणून एका दिवसाचे लिहितो. प्रार्थनेआधी लॅब उघडायची. सगळे एमसीबी एकदम वर करायचे नाहीत, एकेक करायचे, प्रत्येक डब्याला टेस्टर लावायचा आणि हाताच्या मागच्या बाजूने अंदाज घ्यायचा. मग मशीन चालू करायची. दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात, मशीन नुसते बीप देते आणि स्क्रीन काळी राहते. रॅम काढायची, खोडरबराने घासायची, पुसून परत बसवायची. सीमॉस बॅटरी उतरलेली असेल तर मशीनची तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळ उघडतच नाही. मुले म्हणतात नेट गेले. कधी यूपीएस उचलला की खाली उंदराने कुरतडलेली वायर निघते. तोवर कार्यालयातून निरोप येतो : यू-डायस भरायचे आहे, आधारमधले नाव जुळत नाही, अपार आयडी अडला आहे, शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपी येत नाही, प्रिंटर कागद ओढत नाही. हे सगळे करताना तासही घ्यायचा. याला आमची हरकत नाही, काम आवडीचे आहे. पण टेस्टरने सुरुवात होणारा दिवस आम्ही मागितलेला नाही.

आता परीक्षेचे. बारावीची माहिती तंत्रज्ञानाची परीक्षा ऑनलाइन होते. एक मशीन सर्व्हर, बाकीची त्याला जोडलेली, आणि मुले तुकड्यांनी येणार. परवा रंगीत तालीम घेतली. मध्येच वीज गेली, यूपीएसने धरले, पण वीज परत येताच स्विच हँग झाला आणि निम्म्या मुलांच्या स्क्रीन थिजल्या. स्विच बंद करून चालू केल्यावर जोडणी आली. तालीम होती म्हणून निभावले. त्याच तालमीत एका मुलाने माउस सोडून हात झटकला. बारावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ वर्षानुवर्षे राज्यात पहिले येते, 2012 पासूनचा हा अभिमान आपण प्रत्येक भाषणात सांगता. पेपर सोडवताना डब्याला पाय लागू नये म्हणून मुलाने पाय वर घेऊन बसावे, हे त्या अभिमानात बसते का ते आपणच ठरवावे.

म्हणून पहिली आणि खरी मागणी : परीक्षेची पहिली तुकडी बसण्यापूर्वी प्रत्येक लॅबसाठी स्वतंत्र अर्थिंग करावे, तिसऱ्या पिनेची वायर प्रत्येक सॉकेटपर्यंत ओढावी, मेन बोर्डात ईएलसीबी बसवावा आणि परवानाधारक ठेकेदाराकडून रेझिस्टन्सचे मोजमाप करून त्याचा कागद लॅबच्या दारावर लावावा. मोजमाप पावसाळ्यात घेऊ नये, तेव्हा सगळीकडेच आकडा चांगला येतो. एप्रिलमध्ये ते पुन्हा घ्यावे. काम होईपर्यंत रबरी मॅट द्याव्यात आणि चपलांवरून आम्हाला पत्रे देऊ नयेत. कार्यालय ते लॅब ही बाहेरून गेलेली केबल काढून फायबर टाकावी, त्यातून वीज येत नाही.

दुसरे, आमचे मानधन. आमच्यापैकी काही जण शासनाच्या आयसीटी योजनेत कंपनीमार्फत लागलेले होतो. बांधा-वापरा-हस्तांतरित करा या पद्धतीचा पाच वर्षांचा करार संपला, मशीन शाळेकडे हस्तांतरित झाली आणि माणसांचे काय करायचे ते कोणी लिहून ठेवले नव्हते. संस्थेने ठेवून घेतले, त्याबद्दल आभारी आहोत. पण दहा महिन्यांचे मानधन बारा महिन्यांचे करू, हे आपण स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून सांगितले होते. ते करावे.

तिसरे, विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. आपल्या जुन्या मशीनवर विंडोज 11 चढत नाही. त्यावर उबुंटू टाकायची परवानगी द्यावी, त्याला पैसे लागत नाहीत. परीक्षेची मशीन मात्र मंडळाच्या सूचनेप्रमाणेच ठेवू.

चौथे, किरकोळ सुट्या भागांसाठी महिन्याची ठरावीक रक्कम मुख्याध्यापकांकडे असावी. सीमॉसच्या एका सेलसाठी तीन सह्या लागतात.

पाचवे, डीह्युमिडिफायर किंवा निदान एक्झॉस्ट फॅन.

पहिल्या मागणीवर तारखेसह लेखी उत्तर मिळावे. तोंडी उत्तर, बैठकीत विषय घेण्याचे आश्वासन किंवा "बघतो" हे उत्तर म्हणून आम्ही नोंदवणार नाही. आठ दिवसांत उत्तर न आल्यास ज्या मशीनवर टेस्टर पेटतो ती आम्ही बंद करून त्यांवर तशी चिठ्ठी लावू, आणि परीक्षेसाठी किती मशीन उपलब्ध आहेत याचा खरा आकडा मुख्याध्यापकांमार्फत मंडळाला कळवू. हा दबाव आहे असे मानू नये. चुकीचा आकडा कळवण्याची जबाबदारी आम्ही घेऊ शकत नाही, इतकेच.

कळावे,

आपले विश्वासू,
संगणक कक्ष सहाय्यक
(सह्या सोबतच्या पानावर)

सोबत : 1) पूर्वीच्या अर्जांच्या प्रती. 2) वायरमनचा अंदाज, तिसरी प्रत. 3) उघड्या बोर्डाचे व पेटलेल्या टेस्टरचे फोटो.

प्रत माहितीसाठी : सर्व मुख्याध्यापक, शिक्षक-पालक संघ, माजी विद्यार्थी मंडळ, मुंबई.