उरलेले आठ दिवस



शाबानचा महिना चालू होता. मंगळवारी शाळा सुटल्यावर घरी आले, तर ओट्यावर माझी मोठी मावसबहीण बसलेली. आम्ही तिला बाजी म्हणतो. खरं तर त्या दिवशी ती चकलांब्यात असायलाच नको होती. छातीतल्या कॅन्सरची गाठ काढून झाली होती, केमोही झाला होता आणि शहरात तिचं रेडिएशन चालू होतं. आपल्याकडे त्यालाच ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात. एकूण पंधरा दिवसांचा शेक. सात झाले, शनिवारी सुट्टीला म्हणून ती घरी आली आणि सोमवारी परत गेलीच नाही.

“गाठ गेली, आता कशाला?” बाजी म्हणाली.

मी चहा ठेवला आणि बोलू दिलं. मग एकेक कारण बाहेर आलं. कातडी काळी पडली होती, चुरचुरत होती. सोबत जाणाऱ्या मुलाची रोजची मजुरी बुडत होती. उपचाराचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसला होता, एसटीला बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पण मुलाची बुडालेली मजुरी कोणत्याच योजनेत बसत नाही. रमजान तोंडावर आलेला. शेवटचं कारण तिने खाली बघत सांगितलं: यंत्राखाली झोपताना समोर परके पुरुष असतात. यातली एकही गोष्ट तिने डॉक्टरांना सांगितली नव्हती, आणि तिलाही कुणी विचारलं नव्हतं.

मी तिला रागावले नाही. आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायांच्या पिशव्या काढल्या गेल्या. २०१९ मध्ये सरकारला त्याची चौकशी समिती नेमावी लागली. इथल्या बाईच्या मनात दवाखान्याबद्दल शंका आली तर ती वेडी ठरत नाही. फक्त ती शंका डॉक्टरांसमोर मांडायची सोडून आपण गुपचूप घरी येऊन बसतो, तिथे घात होतो.

शाळेची एक कोरी वही घेतली आणि बाजीचे प्रश्न लिहून काढले. बुधवारी सकाळी फाईलवरच्या नंबरवर फोन लावला. डॉक्टरबाई बोलल्या, शांतपणे बोलल्या. त्यांनी सांगितलेलं आणि मी नंतर वाचलेलं, दोन्ही इथे देते.

गाठ काढली तरी डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी उरलेल्या असू शकतात. शेक त्यांच्यासाठी असतो. तो रोज थोडा थोडा देतात, कारण मधल्या वेळात चांगल्या पेशी स्वतःला सावरतात, कॅन्सरच्या पेशींना ते तितकं जमत नाही. म्हणूनच मध्ये मोठा खंड पडला तर उरलेल्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते. दोन-तीन दिवस चुकले तर ते पुढे भरून काढता येतात, मात्र लगेच कळवायला हवं.

फायदा किती? २०११ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सतरा अभ्यासांतल्या १०,८०१ बायांचा एकत्र हिशेब छापून आला. स्तन राखून फक्त गाठ काढलेल्या या बाया होत्या. शेक न घेतलेल्या शंभरांपैकी सुमारे ३५ जणींचा आजार दहा वर्षांत परतला, शेक घेतलेल्यांत सुमारे १९ जणींचा. पंधरा वर्षांत या आजाराने दगावणाऱ्या शंभरात २५ होत्या, त्या २१ वर आल्या. हे आकडे जुन्या उपचारांच्या काळातले आहेत आणि प्रत्येकीचा धोका वेगळा असतो. गाठ लहान, वय पासष्टच्या पुढे आणि हार्मोनच्या गोळ्यांना दाद देणारा आजार असेल, तर काही जणींना डॉक्टर स्वतःच शेक नको म्हणू शकतात. बाजीचं वय बावन्न, काखेतल्या गाठींतही आजार सापडलेला. तिला तो हवाच होता.

“म्हणजे पूर्ण केला तरी हमी नाही,” बाजी म्हणाली.

“नाही,” मी म्हटलं. “हमी नाही. धोका कमी होतो.”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग वही ओढून स्वतःच एकेक प्रश्नावर बोट ठेवू लागली. कातडीला डॉक्टरांनी सांगितलेलं मलम. बहुतेकींची कातडी शेक संपल्यावर काही आठवड्यांत सुधारते. नातवाला जवळ घेता येतं, बाहेरून दिलेल्या या शेकाचे किरण अंगात साठत नाहीत. यंत्राजवळ बाई कर्मचारी मिळावी, अशी विनंती करता येते. आधी मागितलं असतं तर पहिल्याच दिवशी सोय झाली असती. रोज्यांचं आमच्या इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, आजाऱ्याला आणि मुसाफिराला नंतर रोजे पूर्ण करण्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे; इलाज करणं तवक्कुलच्या विरुद्ध नाही, उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवायला आपल्याला शिकवलंय.

मजुरीचा प्रश्न घरातच सुटला. चार दिवस सून सोबत गेली, चार दिवस भाची. शहरात नणंदेकडे राहायची सोय झाली. गुरुवारी बाजी पुन्हा यंत्राखाली झोपली. रमजानचा चांद दिसायच्या आत उरलेले आठही दिवस पूर्ण झाले. पुढच्या तपासण्या आणि गोळ्या अजून बाकी आहेत. अल्लाह शिफा देवो.

भगिनींनो, कदाचित तुमच्याही घरात कुणाचा शेक अर्धवट राहिला असेल. “का सोडलंस?” म्हणून तिच्या अंगावर जाऊ नका. “काय त्रास होतोय?” असं विचारा आणि तिचं उत्तर लिहून घ्या. फाईलवरच्या नंबरवर त्याच दिवशी फोन करा. पैशांची अडचण असेल तर योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना भेटा. सगळं समजून घेतल्यावर निर्णय तिचा तिला घेऊ द्या. नवरा, मुलगा, दीर यांनी सल्ला जरूर द्यावा, पण यंत्राखाली झोपायचं असतं ते तिला.

ती वही आता बाजीकडे असते. परवा शेजारची एक बाई तपासणीला निघाली, तेव्हा बाजीने वहीतलं एक कोरं पान फाडून तिच्या हातात दिलं.