माळरान म्हणजे पडीत जमीन नव्हे

मृगाच्या सरी पडतांच गांवोगांवीं वृक्षारोपणाचे समारंभ सुरू होतात. हेतु स्तुत्य खरा. परंतु खड्डा खणण्यापूर्वीं त्या जमिनीवर आधींपासून कोण नांदत आहे, हें आपण क्वचितच पाहतों.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या बोरी नदीचा पूर ओसरल्यावर उघड्या पडलेल्या कांठाकडे लक्ष द्या. प्रथम तेथें गवत उगवतें, मग झुडुपें येतात, आणि पुढें पुरानें तीं वाहून न नेल्यास बाभळीसारखे वृक्ष उभे राहतात. वनस्पति पालटल्या कीं त्यांवर जगणारे कीटक, पक्षी व पशूही पालटतात. या क्रमास शास्त्रज्ञ ‘अनुक्रमण’ म्हणतात. प्रत्येक प्रदेशांत हा क्रम हवामानानें ठरविलेल्या एकाच परिपूर्ण अवस्थेस पोंचतो, असें अमेरिकेंतील फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनीं १९१६ सालीं प्रतिपादन केलें. त्यांच्याच देशांतील हेन्री ग्लीसन यांनीं १९२६ सालीं त्यास हरकत घेतली, आणि क्रमाचा शेवट सर्वत्र ठरलेला नसतो, हें आज शास्त्रज्ञ मानतात.

आपण मात्र अद्यापि समजतों कीं, अरण्य म्हणजे पूर्णता आणि गवत म्हणजे उणीव. जगांतील मोठे जीवप्रदेश पाहिले तर ही समजूत टिकत नाहीं. कांगोच्या खोऱ्यांत घनदाट वर्षावन आहे, तर टांझानियांतील सेरेंगेटींत विरळ वृक्षांचा अफाट तृणप्रदेश. दोन्ही आपापल्या जागीं पूर्णच. खानदेशांतही सातपुड्याच्या उतारावर साग व अंजन यांचें पानझडी वन आहे. जेथें पाऊस तुटपुंजा व माती उथळ, तेथें कुसळी गवत आणि तुरळक बोरी-बाभळी. चरणारीं गुरें आणि मधूनमधून लागणारा वणवा यांमुळें असा माळ मोकळा राहतो.

हा माळ तोडलेल्या जंगलाचा अवशेष आहे, असें कोणी म्हणेल. पश्चिम महाराष्ट्रापुरतें त्याचें उत्तर आशीष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनीं २०२५ सालीं दिलें. जुन्या मराठी वाङ्मयांतील वनस्पतींचे उल्लेख तपासून, तेथील माळरानें निदान साडेसातशें वर्षांचीं आहेत, असें त्यांनीं दाखविलें. आपल्याकडचेंही एक उदाहरण बोलकें आहे. १८८४ नंतर नाहींसा झालेला मानला गेलेला वनपिंगळा १९९७ सालीं शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशीं पुनः दिसला. तोही निबिड अरण्यांत नव्हे, विरळ सागवनांत!

म्हणून झाडें लावूंच नयेत काय? अवश्य लावावीं. शाळेचें आवार, रस्त्याची कड, शेताचा बांध येथें निंब लावा, वड लावा. परंतु माळावर दाट झाडी उभी केल्यास सावलीनें गवत मरतें, आणि त्यावर जगणाऱ्या मेंढपाळाचा चारा जातो. मेक्सिकोकडून आणलेली वेडी बाभूळ माळ कसा गिळते, हें आपण पाहतोंच.

पालकांस विनंति इतकीच कीं, येत्या पावसाळ्यांत रोप हातीं देण्यापूर्वीं मुलांना एकदां एखाद्या वृद्ध मेंढपाळाबरोबर माळावर पाठवावें. गवताचीं दहा नांवें शिकून आलेलें मूल त्या जमिनीस पुन्हां पडीत म्हणणार नाहीं.