फैजींनी वाचलेला कायदा

रमजानचा पहिला रोजा कधी, याची चर्चा विजापूर वेशीत सुरू असते, तोवर बोहरा घरांतला पहिला रोजा बहुधा झालेला असतो. त्यांचा महिना गणिताने ठरतो. बाकीचे चाँद दिसण्याची वाट पाहतात. शरीयत सगळीकडे एकसारखीच, असे ठासून सांगणाऱ्यांनी, मग ते मुसलमान असोत की हिंदू, इथे जरा थांबावे.

आसफ अली असगर फैजी इथेच आयुष्यभर थांबले. जन्म १८९९ चा, माथेरानचा. मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे ते प्राचार्य होते. दहाव्या शतकात काझी नुमान यांनी फातिमी खलिफांच्या राज्यात ‘दआइम अल-इस्लाम’ हा कायद्याचा ग्रंथ लिहिला. बोहरांनी त्याच्या हस्तलिखित प्रती पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. फैजींनी प्रती ताडून पाहिल्या आणि मूळ अरबी ग्रंथ कैरोत छापून घेतला. पहिला खंड १९५१ चा, त्यात नमाज, जकात, रोजा. दुसरा १९६० चा, त्यात लग्न, वारसा, व्यवहार.

श्रद्धा आणि कायदा वेगळे ओळखावेत, श्रद्धा टिकते, कायदा काळाप्रमाणे बदलतो, असे मत त्यांनी मांडले. अनेकांना ते पटले नाही, आजही पटत नाही. न पटो. पण वाद घालायचा तर निदान त्यांच्याइतके वाचून घालावा. टीव्हीवर तलाक आणि वारशाचा निकाल दहा मिनिटांत लागतो!

फैजींनी आपला हस्तलिखितांचा संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिला. सोलापूरहून रात्रीच्या गाडीने निघाले की सकाळी मुंबई येते.