गोळी कुटणाऱ्या हाताला सांगणार कोण?

सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला, त्याला आता तीन वर्षे झाली. उजवी बाजू लुळी पडली, बोलणे अडखळू लागले आणि घास गिळताना ठसका लागू लागला. घरी आणल्यावर दोनच महिन्यांत लघवीच्या जंतुसंसर्गाने ताप आला. डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्या लिहून दिल्या. “त्यांना गोळी गिळता येत नाही,” मी म्हटले. “मग कुटून द्या,” मान वर न करता ते म्हणाले.

मी खलबत्ता धुतला, गोळी कुटली. चव कडूजहर, म्हणून साखर घातलेल्या दुधात कालवून चमच्याने भरवली. सकाळ-संध्याकाळ, चार दिवस. ताप हटेना. पुन्हा दवाखाना. आता मात्र प्रश्न आला, “कशात देता?” मी म्हटले, “दुधात.” डॉक्टर माझ्याकडे नव्हे, माझ्या नवऱ्याकडे पाहून म्हणाले, “शिकलेल्या आहेत ना? एवढे तरी कळायला हवे होते!”

मला ते कुठून कळणार होते? दुधातले कॅल्शियम या औषधाला धरून ठेवते आणि ते रक्तात कमी उतरते, हे मला नंतर एका फार्मासिस्ट मैत्रिणीने समजावले. ‘कुटून द्या’ या दोन शब्दांपुढे ‘पण दुधात नको’ हे तीन शब्द जोडायला कितीसा वेळ लागला असता?

त्या मैत्रिणीकडून मी जे शिकले, ते प्रत्येकीला ठाऊक असावे. सगळ्या गोळ्या कुटण्यासाठी नसतात. ज्यांच्या नावापुढे एसआर, एक्सआर, एक्सएल अशी अक्षरे असतात, त्यांतले औषध दिवसभर हळूहळू सुटावे अशी त्यांची बांधणी असते. क्लॅरिथ्रोमायसिनची अशी गोळी कुटली, तर ती बांधणीच मोडते. काही गोळ्यांवरचे वेष्टण जठरातल्या आम्लापासून औषध वाचवण्यासाठी असते. एरिथ्रोमायसिन आम्लात नासते, म्हणून त्याची वेष्टण असलेली गोळी कुटू नये. सेफुरॉक्झिमची गोळी कुटली तर इतकी कडू लागते, की पेशंट पुढचा चमचा तोंडाशी येऊ देत नाही. बत्त्याला चिकटून राहिलेली पूड म्हणजे तेवढी कमी पडलेली मात्रा. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या बाईने त्या जातीची गोळी कुटणे तर तिच्याच जिवाला धोक्याचे. आणि ज्याला पातळ पाण्याचाही ठसका लागतो, त्याला ती पूड पाण्यात द्यायची की दाट पदार्थात, हेही विचारूनच ठरवायला हवे.

पुष्कळदा कुटण्याची गरजच नसते. अमॉक्सिसिलिन, ॲझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम ही औषधे मुलांसाठी पातळ स्वरूपात मिळतात. अमॉक्सिसिलिनच्या पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्याही असतात. मोठ्या माणसाची मात्रा डॉक्टरांकडून नीट ठरवून घेतली, तर तीच औषधे चालू शकतात. पण हे विचारायचे असते, हेच आपल्याला कोणी सांगितलेले नसते.

हा एकट्या माझ्या घरचा प्रश्न नाही. मुलांसाठी योग्य मात्रेच्या, पाण्यात विरघळणाऱ्या क्षयाच्या एकत्रित गोळ्या जगात पहिल्यांदा आल्या त्या २०१५च्या डिसेंबरात. तोवर मोठ्यांच्या कडू गोळ्या मोडून, कुटून, अंदाजाने मुलांच्या तोंडात घालत कोण बसले होते? बहुतेक घरांत आयाच ना? घरातल्या आजाऱ्याला औषध देणे हे बाईच्या अंगवळणी पडलेले, म्हणून कोणाच्या हिशेबात नसलेले काम आहे. काम तिचे, जागरण तिचे; माहिती मात्र डॉक्टर आणि घरातला पुरुष यांच्यात फिरते. औषध लागू पडले तर श्रेय डॉक्टरांना, नाही पडले तर अडाणीपणा तिचा.

हक्क कागदावर आहे. २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनुसार औषध देताना नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः होऊन रुग्णाशी किंवा त्याची काळजी घेणाऱ्या व्यक्तीशी त्या औषधाबद्दल बोलणे अपेक्षित आहे. म्हणजे काउंटरवर आपण उपकार मागत नसतो. प्रत्यक्षात गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून पिशवीत पडते आणि “पुढचे कोण?” अशी हाक येते.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. गिळायला त्रास असलेल्या प्रत्येक रुग्णाला घरी सोडताना, कोणती गोळी कुटायची, कोणती नाही, कशात कालवायची आणि कशात नाही, हे मराठीत लिहून मिळाले पाहिजे. आणि ते औषध देणाऱ्या व्यक्तीच्या हातात, तिच्याशी बोलून. तोवर आपण चार प्रश्न पाठ करू या: ही गोळी कुटली तर चालेल का? नसेल तर पातळ औषध आहे का? कशाबरोबर द्यायची नाही? एक मात्रा उलटून पडली तर काय करायचे? उत्तर मिळेपर्यंत काउंटर सोडायचा नाही.

आणि घरात पाचवा प्रश्न विचारायचा: बत्ता नेहमी माझ्याच हातात का? आमच्याकडे रात्रीची गोळी आता सासूबाईंचा मुलगा कुटतो. पहिल्या दिवशी त्यानेही दुधाचाच पेला घेतला होता. मी त्याला अडाणी म्हटले नाही, सांगितले.