न विचारलेली दुखणी

डाळजसह इंदापूर-बारामतीच्या ऊसपट्ट्यात हंगामासाठी मराठवाड्यातून टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ म्हणतात. हिशेबात बाईचे वेगळे नावही नसते. या स्त्रियांच्या आरोग्याची मोठी बातमी झाली ती २०१९ साली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीसमोर आलेल्या पाहणीनुसार, बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती.

मथळ्यांत शस्त्रक्रिया आली. परंतु त्याआधीची वर्षे, म्हणजे अंगावर काढलेली दुखणी, शौचालयाविना फडावरची पाळी आणि खाडा पडल्यास होणारा दंड, यांची चर्चा त्या मानाने थोडी झाली.

वैद्यकीय वाङ्मयही यापासून अलिप्त नव्हते. ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण व कुटुंबनियोजन, अशीच दीर्घकाळ समजूत होती. जानेवारी १९८९ मध्ये डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये गडचिरोलीतील दोन गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते. पूर्वी अशी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या.

दोन्ही घटनांचे सूत्र एकच आहे. जे विचारले जात नाही, ते नोंदले जात नाही. आणि जे नोंदले जात नाही, त्यावर वेळेवर उपचारही होत नाहीत. म्हणून फडावरील भगिनींची विचारपूस शस्त्रक्रियेची वेळ येण्यापूर्वी व्हावयास हवी.