विश्लेषण : गाणी कोट्यवधी, मग नवा बँड सापडणे इतके अवघड का?

जून २०२५मध्ये स्पॉटिफायवर ‘द व्हेल्वेट सनडाउन’ नावाचा एक रॉक बँड अवतरला. सत्तरच्या दशकाची आठवण करून देणारी गिटार, थोडा धूसर आवाज आणि लांब केसांच्या चार तरुणांचे छायाचित्र. त्याच महिन्यात त्यांचे दोन अल्बम आले आणि काही आठवड्यांत मासिक श्रोत्यांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली. मात्र या चौघांचा एकही कार्यक्रम कुणी पाहिलेला नव्हता. अखेर जुलैच्या सुरुवातीला बँडच्या पानावरच खुलासा झाला, की संगीत, आवाज आणि छायाचित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या म्हणजे एआयच्या मदतीने तयार केलेली आहेत. याच काळात जगभरातले हजारो खरे बँड पहिल्या हजार श्रोत्यांसाठी धडपडत होते. नसलेला बँड लाखो लोकांना ‘सापडतो’ आणि असलेले सापडत नाहीत, हे कसे घडते?

किती गाणी, किती श्रोते?

संगीत उद्योगाची आकडेवारी ठेवणाऱ्या ल्युमिनेट या संस्थेनुसार २०२३च्या अखेरीस विविध स्ट्रीमिंग सेवांवर सुमारे १८ कोटी ४० लाख गाणी होती. त्यांपैकी १५ कोटी ८६ लाख गाणी वर्षभरात हजार किंवा त्याहून कमी वेळा ऐकली गेली. ४ कोटी ५६ लाख गाणी तर एकदाही कुणी लावली नाहीत. दुसरीकडे त्या वर्षी रोज सरासरी लाखभर नवी गाणी या सेवांवर येत होती.

पूर्वी नव्या बँडपुढची पहिली अडचण ध्वनिमुद्रणाची असे. स्टुडिओ महाग, तबकडी काढायला कंपनी हवी, ती दुकानात पोहोचवायला वितरक हवा. आज घरातल्या संगणकावर गाणे तयार होते आणि थोड्या पैशांत जगभर उपलब्ध होते. म्हणजे दार उघडले, पण आतल्या गर्दीत आपल्याकडे कुणाचे लक्ष वेधायचे कसे, ही नवी अडचण उभी राहिली. तेवढी गाणी ऐकून निवडणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे असल्याने ते काम अल्गोरिदमकडे गेले.

अल्गोरिदम नवे शोधतो की ओळखीचे?

स्पॉटिफायने २०१५च्या जुलैमध्ये ‘डिस्कव्हर वीकली’ ही दर आठवड्याला बदलणारी यादी सुरू केली. तुमच्यासारखी आवड असलेले इतर लोक काय ऐकतात, त्यांच्या याद्यांत कोणती गाणी शेजारीशेजारी येतात, यावरून ही यादी बनते. याचा अनेकांना खरोखर फायदा झाला. अमेरिकेतल्या ‘डस्टर’ या बँडचे उदाहरण बोलके आहे. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात सुरू झालेला हा संथ, हळव्या रॉकचा बँड मोजक्या चाहत्यांपुरता राहून थांबला. २०१८मध्ये तो पुन्हा एकत्र आला आणि पुढे टिकटॉकमुळे त्याची जुनी गाणी अशा तरुणांपर्यंत पोहोचली, ज्यांचा जन्मही ती गाणी निघाली तेव्हा झाला नव्हता.

पण या यंत्रणेचा कल कुठे असतो, हे ‘गॅलक्सी ५००’ या बँडच्या अनुभवातून दिसते. बोस्टनच्या या बँडचे ‘स्ट्रेंज’ हे १९८९मधल्या अल्बमातले गाणे कधी सिंगल म्हणून निघाले नव्हते. तरीही स्पॉटिफायवर ते त्यांच्या इतर सर्व गाण्यांच्या फार पुढे गेले. बँडचे ड्रमवादक डेमन क्रुकोव्स्की यांनी २०१८मध्ये याचा माग काढला, तेव्हा कळले की ही वाढ जानेवारी २०१७पासूनची आहे. त्याच सुमारास अल्बम संपल्यावर मिळतीजुळती गाणी आपोआप वाजवण्याची, म्हणजे ‘ऑटोप्ले’ची सोय सरसकट सुरू झाली होती. त्यांचा निष्कर्ष असा, की ‘स्ट्रेंज’ हे बँडच्या स्वभावाचे गाणे नाही. ते इतर बँडच्या गाण्यांशी सर्वाधिक जुळणारे गाणे आहे, म्हणून ते पुढे आले. ‘पेव्हमेंट’ या बँडचे १९९९मधले एक दुर्लक्षित जोडगाणे ‘हार्नेस युअर होप्स’ हेही असेच त्यांच्या प्रसिद्ध गाण्यांना मागे टाकून गेले.

नव्या बँडसाठी यातला धोका उघड आहे. शिफारस करणारी यंत्रणा साम्य मोजते. पहिल्यांदा ऐकताना खटकणारा आणि तिसऱ्यांदा ऐकताना आवडणारा बँड तिच्या हिशेबात मागे पडतो, कारण पहिल्याच खेपेला श्रोत्याने गाणे पुढे ढकललेले असते. ‘व्हेल्वेट सनडाउन’ने याच फटीतून प्रवेश केला. कुठल्याच एका बँडसारखे नसलेले, पण सगळ्यांच्या जवळपास जाणारे संगीत त्या यंत्रणेत अलगद बसते.

पैशाचे गणित कसे चालते?

अनेकांची समजूत असते की एक गाणे ऐकले की कलाकाराला ठरावीक रक्कम मिळते. स्पॉटिफायसारख्या सेवांत तसे होत नाही. वर्गणी आणि जाहिरातींतून आलेल्या पैशातला ठरलेला वाटा एका सामायिक निधीत जमा होतो आणि एकूण ऐकल्या गेलेल्या गाण्यांतील हिश्शानुसार तो हक्कधारकांना वाटला जातो. तुम्ही महिनाभर फक्त एका छोट्या बँडची गाणी ऐकलीत, तरी तुमची वर्गणी थेट त्या बँडच्या खात्यात जात नाही.

त्यात २०२४पासून स्पॉटिफायने एक अट घातली. मागच्या बारा महिन्यांत किमान हजार वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याला या निधीतून काहीच मिळत नाही. अशा गाण्यांचा वाटा एकूण निधीच्या अर्धा टक्काच आहे, ती रक्कम गाण्यामागे काही सेंट इतकी असते आणि वितरकांच्या किमान मर्यादेमुळे कलाकारापर्यंत पोहोचतही नाही, असे कंपनीचे म्हणणे. बनावट गाण्यांचे ढीग टाकून पैसे उकळणाऱ्यांना आळा बसेल, हा दुसरा युक्तिवाद. तो अगदीच खोटा नाही. मात्र हजारच्या आत अडकलेल्या खऱ्या बँडचा वाटाही त्यामुळे जास्त ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांकडे वळला.

दुसरी व्यवस्था ‘डिस्कव्हरी मोड’ची. कलाकाराने एखादे गाणे यासाठी निवडले, तर ऑटोप्ले आणि रेडिओसारख्या याद्यांत ते जास्त वेळा येण्याची शक्यता वाढते. त्या बदल्यात तिथून मिळणाऱ्या रॉयल्टीतला ३० टक्के भाग कंपनी कापून घेते. आगाऊ पैसे द्यावे लागत नाहीत हे खरे. पण सगळेच ही सवलत देऊ लागले, तर पुढे कुणीच जात नाही आणि उत्पन्न मात्र सगळ्यांचे घटते.

एआयमुळे नेमके काय बदलले?

‘डीझर’ या फ्रेंच सेवेने पूर्णपणे एआयने बनवलेली गाणी ओळखण्याची यंत्रणा उभारली आहे. जानेवारी २०२५मध्ये तिथे रोज अशी सुमारे १० हजार गाणी येत होती. नोव्हेंबरमध्ये हा आकडा ५० हजारांवर, म्हणजे रोज येणाऱ्या एकूण गाण्यांच्या ३४ टक्क्यांवर गेला. डीझर आणि इप्सॉस यांच्या आठ देशांतील पाहणीत ९७ टक्के लोकांना एआयचे आणि माणसांचे गाणे वेगळे ओळखता आले नाही. ही गाणी एकूण ऐकण्याच्या जेमतेम अर्धा टक्का आहेत आणि त्यांतलेही बहुतांश ऐकणे बनावट खात्यांचे आहे, हेही डीझरनेच सांगितले.

मग चिंता कशाची? लोकप्रिय कलाकारांचे या पुराने फारसे बिघडत नाही, कारण श्रोते त्यांना नावाने शोधतात. पूर येतो तो अनोळखी नावांच्या फडताळावर. तिथे आता प्रत्येक नव्या बँडकडे संशयाने पाहिले जाऊ लागले आहे. कार्यक्रम न केलेला, मोजकी छायाचित्रे असलेला, अचानक उगवलेला बँड बनावट असू शकतो. पण गावातल्या गॅरेजमध्ये नुकताच सुरू झालेला खरा बँडही अगदी तसाच दिसतो.

कंट्री संगीत तर प्रामाणिकपणाच्या, जगलेल्या आयुष्याच्या नावावर चालते. तिथेही नोव्हेंबर २०२५मध्ये ‘ब्रेकिंग रस्ट’ या एआयनिर्मित नावाचे ‘वॉक माय वॉक’ हे गाणे बिलबोर्डच्या कंट्री डिजिटल विक्रीच्या यादीत पहिले आले. ही यादी फक्त विकत घेतलेल्या डाउनलोडची असते आणि आता डाउनलोड फार कमी लोक घेत असल्याने काही हजार प्रतींवरही पहिला क्रमांक मिळू शकतो. ‘एआय गाणे कंट्रीत अव्वल’ हा मथळा म्हणूनच अर्धवट होता. पण त्या मथळ्याने जी प्रसिद्धी दिली, ती कुठल्या नव्या खऱ्या बँडला मिळाली नसती.

मग पूर्वीची माणसे बरी होती का?

बीबीसी रेडिओ १वर १९६७पासून २००४मध्ये मृत्यू होईपर्यंत जॉन पील नव्या बँडची गाणी लावत राहिले. सप्टेंबर १९७८मध्ये त्यांनी उत्तर आयर्लंडमधल्या डेरीच्या ‘द अंडरटोन्स’ या तरुण बँडचे ‘टीनेज किक्स’ लागोपाठ दोनदा लावले. कार्यक्रम ऐकणाऱ्या एका अमेरिकी कंपनीच्या प्रमुखाने लगेच बँडशी संपर्क साधला. एका माणसाच्या आवडीने एका बँडचे भवितव्य बदलले. पील यांच्या निवडीत साम्याचा हिशेब नव्हता. पंक, रेगे आणि अतिशय विचित्र प्रयोग एकाच तासात येत.

पण सगळीच माणसे पील नसतात. अमेरिकेत १९९६च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती रेडिओ केंद्रे ठेवावीत यावरची मर्यादा उठवली. काही वर्षांत ‘क्लिअर चॅनल’कडे बाराशेहून अधिक केंद्रे गेली आणि याद्या दूरच्या कार्यालयातून ठरू लागल्या. २०१५मध्ये तर एका सल्लागाराने कंट्री केंद्रांना गायिकांची गाणी कमी लावायचा सल्ला दिला आणि त्यांना सॅलडमधल्या टोमॅटोची उपमा दिली. म्हणजे दारावर माणूस बसवला की न्याय होतोच असे नाही.

त्यामुळेच कंट्रीतले अनेक नवे बँड रेडिओला वळसा घालून आले. टेक्सासच्या पॅलेस्टाइन गावातला ‘व्हिस्की मायर्स’ दहाएक वर्षे दौरे करत होता. २०१८मध्ये ‘यलोस्टोन’ मालिकेत तो दिसला आणि देशभर पोहोचला. २०२३च्या ऑगस्टमध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या एका यूट्यूब वाहिनीने चित्रित केलेले ऑलिव्हर अँथनी यांचे गाणे थेट बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिले आले. या दोन्ही वेळी सुरुवात कुठल्या तरी माणसाच्या निवडीपासून झाली, प्रसार मात्र यंत्रणेने केला.

छोट्या जागा का महत्त्वाच्या?

लंडनच्या ब्रिक्स्टन भागात ‘द विंडमिल’ नावाचा जेमतेम दीडशे माणसांचा पब आहे. ‘ब्लॅक मिडी’, ‘स्क्विड’, ‘ब्लॅक कंट्री, न्यू रोड’ हे गेल्या दशकातले चर्चेतले ब्रिटिश बँड इथेच घडले. चुकायला, गाणे बदलायला, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवायला अशी जागा लागते. ब्रिटनच्या ‘म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट’नुसार २०२३ या एका वर्षात तिथल्या १२५ छोट्या जागांतले कार्यक्रम बंद पडले. त्यावर उपाय म्हणून मोठ्या स्टेडियममधल्या तिकिटामागे एक पौंड छोट्या जागांसाठी वेगळा काढावा, या ऐच्छिक योजनेला सरकारने नोव्हेंबर २०२४मध्ये पाठिंबा दिला.

मुंबईकरांना हे दुःख परके नाही. १९८६मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सव धोबी तलावच्या रंगभवनात अनेक वर्षे रंगला. परिसर शांतता क्षेत्रात असल्याने तिथले कार्यक्रम थांबले आणि एका पिढीचे नवे बँड ऐकण्याचे ठिकाण गेले.

श्रोत्याने काय करावे?

पहिली गोष्ट फुकटची आहे : ऑटोप्ले बंद करा आणि आवडलेल्या गाण्याचा पूर्ण अल्बम ऐका. दुसरी, बँडपेक्षा त्याच्या आजूबाजूला शोधा. तो कोणत्या छोट्या कंपनीकडून निघाला, निर्माता कोण, त्याच्या दौऱ्यात आधी कोण वाजवते, हे पाहिले की एका नावातून पाच नावे मिळतात.

तिसरी, माणसांनी निवडलेल्या जागा धरा. सिएटलच्या केईएक्सपी रेडिओची यूट्यूबवरची सत्रे, कंट्री आणि लोकसंगीतासाठी वायोमिंगमधली ‘वेस्टर्न एएफ’ वाहिनी, एनपीआरची २०१५पासूनची ‘टायनी डेस्क’ स्पर्धा यांत कलाकार समोर वाजवताना दिसतात. न्यू ऑर्लिन्सचा ‘टँक अँड द बँगाज’ २०१७मध्ये ही स्पर्धा जिंकला आणि पुढे ग्रॅमीच्या सर्वोत्तम नवा कलाकार विभागात नामांकनापर्यंत गेला.

चौथी, जमेल तेव्हा थेट विकत घ्या. २००८पासूनच्या ‘बँडकॅम्प’वर किमतीतले साधारण ८२ टक्के कलाकार किंवा त्याच्या कंपनीकडे जातात. जानेवारी २०२६मध्ये या मंचाने पूर्णपणे किंवा बहुतांशी एआयने बनवलेल्या संगीताला मनाई केली. तिथे घेतलेला एक अल्बम बँडला जे देतो, ते मिळवायला स्ट्रीमिंगवर हजारो वेळा गाणे वाजावे लागते.

‘ब्लॅक मिडी’ सुरुवातीला इंटरनेटवर जवळपास सापडतच नसे. ऐकायचे तर ब्रिक्स्टनच्या त्या पबमध्ये जावे लागे. लोक गेले, त्यांनी मित्रांना सांगितले आणि २०१९मध्ये बँडचा पहिलाच अल्बम मर्क्युरी पुरस्काराच्या यादीत आला. ‘व्हेल्वेट सनडाउन’चे सगळे इंटरनेटवर होते, फक्त वाजवणारे कुणी नव्हते. पुढचा अनोळखी बँड सापडला असे वाटले, की तो येत्या शनिवारी कुठे वाजवणार आहे, एवढे एकदा तपासून पाहायला हरकत नाही.