नालीचा हिशेब

पुण्या-मुंबईकडचे पाहुणे जिला गटार म्हणतात, तिला आम्ही तिगावकर नाली म्हणतो. ऐन पावसाळ्यात ती तुंबली की गल्लीत दुसरा विषय उरत नाही. उपसलेला गाळ काठावरच ठेवायचा आणि पहिल्या सरीने तो परत आत लोटायचा, ही रीत मात्र दोन्हीकडे सारखीच!

शेजारचे पांढुर्णा २०२३ साली जिल्ह्याचे ठिकाण झाले. अशा वाढत्या गावांत भुयारी गटाराची गोष्ट आज ना उद्या निघतेच. नलिका घालण्यास अनुदान मिळते, पण ते एकदाच. गाळ दरवर्षी येतो. तो काढण्याचा खर्च कोणी किती सोसावा?

घरटी सारखी पट्टी बसवणे सोपे, पण न्याय्य नव्हे. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी माणशी दररोज १३५ लिटर पाणी हे आपल्याकडील शासकीय प्रमाण आहे, आणि त्यातील सुमारे ८० टक्के सांडपाणी होते असे धरतात. म्हणजे पाच माणसांच्या घरातून ५४० लिटर, तर एकट्या वृद्धेच्या घरातून १०८. घराच्या किमतीवर पट्टी ठरवावी, तर वाडवडिलांच्या मोठ्या वाड्यात एकटी राहणारी तीच आजीबाई भरडली जाते. तेव्हा पाणीपट्टीच्या प्रमाणात आकार घेणे मला बरे वाटते. मुंबईत मीटरवरच्या पाण्याला तसा तो घेतातही. आमच्या संत्र्याच्या मुलखात अडचण आहे ती विहिरीची आणि बोअरची. ते पाणी कोणत्याही मीटरातून जात नाही, नालीत मात्र न चुकता येते. अशा घरी माणसे मोजूनच आकारणी करावी लागेल. जेथे गटार पोहोचलेलेच नाही, तेथे जोडणीची पट्टी मागू नये. त्या घरधन्याला शौचकुंडाच्या उपशाचा खर्च आहेच.

१८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात 'हलालखोर कर' होता. नाव ऐकायला कठोर, पण पैसा कोणाच्या श्रमासाठी घेतला जातो हे त्यात उघड होते. पुढे 'मलनिःसारण' असा सोज्ज्वळ शब्द आला आणि तो माणूस पावतीवरून नाहीसा झाला. गटारातून मात्र नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात वा शौचकुंडात उतरवणे गुन्हा ठरवले. तरीही मृत्यू थांबले नाहीत, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये करावी लागली.

दाबाच्या पाण्याने नलिका धुणारे यंत्र, त्याचा चालक, डिझेल, दुरुस्ती हे सारे वगळले की पट्टी स्वस्त दिसते. मग भाद्रपदात नाली तुंबते, यंत्र नसते, आणि कोणीतरी दोरी घेऊन येतो. आमच्याकडे पट्टीची चर्चा निघेल तेव्हा दर किती, हे मी दुसऱ्यांदा विचारीन. आधी यंत्राचा खर्च कोणत्या रकान्यात धरला आहे, ते विचारीन.